न खेळलेल्या सामन्यांचा हिशेब

शिकागोच्या युनायटेड सेंटर या क्रीडागृहात बास्केटबॉलचा सामना पाहायला गेलेल्या माणसाची नजर केव्हा ना केव्हा छताकडे जातेच. शिकागो बुल्स या संघाने ज्या खेळाडूंना कायमचे आपले मानले, त्यांच्या नावांचे आणि क्रमांकांचे फलक तिथे टांगलेले आहेत. ४ क्रमांक जेरी स्लोनचा, १० बॉब लव्हचा, २३ मायकेल जॉर्डनचा आणि ३३ स्कॉटी पिपेनचा. हे क्रमांक ‘निवृत्त’ झालेले आहेत. याचा अर्थ एवढाच, की त्या संघात ते पुन्हा कोणाच्या पाठीवर दिसायचे नाहीत. पिपेनचा क्रमांक २००५ मध्ये वर गेला आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे या रांगेत एकाही खेळाडूची भर पडली नाही. जानेवारी २०२५ मध्ये संघाने जाहीर केले, की पाचवा मान डेरिक रोझला मिळेल आणि त्याचा १ हा क्रमांक २०२५-२६ च्या हंगामात निवृत्त केला जाईल.

या निर्णयाने शिकागोतले पुष्कळ लोक सुखावले, आणि काहींच्या कपाळाला आठ्याही पडल्या. या आठ्यांना कारण आहे. रोझ बुल्सकडे आठ हंगाम होता. या आठ हंगामांत संघाचे साखळीतले ६४० सामने झाले आणि त्यातले रोझ खेळला ४०६. एक अख्खा हंगाम तो बाकावर बसून होता. पुढच्या हंगामात दहा सामने खेळला आणि पुन्हा बसला. संघाला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले नाही, अंतिम फेरीतही नेले नाही. जॉर्डन आणि पिपेन यांनी सहा विजेतीपदे आणली. त्यांच्या शेजारी हा फलक कसा शोभणार? केवळ दुर्दैवी ठरला म्हणून एखाद्याला मानाच्या पंक्तीत बसवायचे का? प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देण्यात अर्थ नाही.

आधी ही प्रथा कुठून आली ते पाहू. आपल्याला वाटते, की क्रमांक निवृत्त करणे हा दीर्घ आणि यशस्वी कारकिर्दीवर चढवायचा कळस असावा. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत या प्रथेचा उगम मानला जातो तो एका अपघातात. डिसेंबर १९३३ मध्ये बोस्टन येथे आइस हॉकीच्या सामन्यात टोरोंटो मेपल लीफ्सच्या एस बेलीला प्रतिस्पर्ध्याने मागून धडक दिली. बेलीचे डोके बर्फावर आपटले, कवटी फुटली. तो वाचला, पण त्याचा खेळ कायमचा संपला. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्याच्या मदतीसाठी टोरोंटोत खास सामना झाला आणि त्याचा ६ हा क्रमांक यापुढे कोणाला दिला जाणार नाही असे ठरले. पाच वर्षांनी, १९३९ मध्ये, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने लू गेरिगचा ४ क्रमांक निवृत्त केला. गेरिग ओळीने २१३० सामने खेळला होता; एकही न चुकवता. मग स्नायूंची शक्ती हिरावून घेणारा असाध्य आजार जडला आणि तो थांबला. म्हणजे एकाची कारकीर्द धडकेने मोडली, दुसऱ्याची रोगाने. दुखापतीने घेरलेल्या खेळाडूला हा मान द्यावा का, असे विचारणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की हा मान जन्माला आला तोच अशा माणसांसाठी.

पण केवळ उगम सांगून वाद मिटत नाही. खेळात हजारो माणसे जायबंदी होतात. सगळ्यांचे क्रमांक कोणी छताला लावत नाही. मग रोझचे वेगळे काय?

१९९८ मध्ये जॉर्डनने बुल्स सोडले आणि संघाचे वैभव एका रात्रीत ओसरले. २०००-०१ च्या हंगामात ८२ सामन्यांपैकी १५ जिंकून ६७ हरण्याची पाळी त्या संघावर आली. २००८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी जी सोडत निघते, तीत पहिला क्रमांक बुल्सना मिळण्याची शक्यता अवघी १.७ टक्के होती. चिठ्ठी त्यांचीच निघाली आणि त्यांनी घेतला तो रोझ, शिकागोच्याच दक्षिण भागातल्या एंगलवूड वस्तीतला पोरगा. एंगलवूड म्हणजे गरिबी आणि गोळीबार यांच्या बातम्यांतून ज्याचे नाव यायचे, असा कृष्णवर्णीयांचा मोहल्ला. त्या गल्ल्यांतून आलेला मुलगा शहराच्या संघाचा १ क्रमांक घालून उभा राहिला. पहिल्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. तिसऱ्या वर्षी, २०१०-११ मध्ये, त्याने सामन्याला सरासरी २५ गुण केले, संघाने ६२ सामने जिंकले आणि रोझला लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. इतक्या कमी वयात हा किताब एनबीएच्या इतिहासात दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. या पहिल्या तीन हंगामांत तो २४६ पैकी २४० सामने खेळला होता, हेही इथेच नोंदवून ठेवू. ‘काचेचे शरीर’ हे विशेषण त्याला पुढे चिकटले, तेव्हा हा आकडा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

२८ एप्रिल २०१२. बाद फेरीचा पहिला सामना, समोर फिलाडेल्फिया. बुल्स बारा गुणांनी पुढे होते, खेळ संपायला दीड मिनिटाहूनही कमी अवकाश होता. रोझ चेंडू घेऊन आत घुसला, दोन्ही पायांवर थांबून उसळला आणि खाली आला तो डावा गुडघा धरून. गुडघ्याच्या आतला महत्त्वाचा अस्थिबंध तुटला होता. हातात आलेल्या सामन्यात त्याला इतक्या उशिरापर्यंत खेळवलेच का, हा प्रश्न शिकागोत पुढे कित्येक वर्षे विचारला गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच गुडघ्याने पुन्हा दगा दिला. २०१६ मध्ये बुल्सनी त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. शेवटच्या पाच हंगामांत ३९४ पैकी तो १६६ सामने खेळला होता.

मात्र रोझला शिकागोत दूषणे मिळाली ती गुडघा मोडला म्हणून नव्हेत. तो परत यायला वेळ घेतो म्हणून मिळाली. २०१३ च्या वसंतात तो सरावाला यायचा, डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही असे सांगितल्याच्या बातम्या होत्या, पण तो उतरला नाही. ‘एवढा पगार घेतो, मग खेळत का नाही?’ असा सूर निघाला. २०१४ मध्ये तो पत्रकारांशी बोलता बोलता म्हणाला, की मला खेळ संपल्यानंतरच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. मुलाच्या पदवीदान समारंभाला जाताना अंग ठणकत असावे अशी माझी इच्छा नाही. तर त्यावर केवढा गदारोळ! कोणत्याही कारखान्यातल्या कामगाराने हेच वाक्य उच्चारले असते, तर आपण त्याला शहाणा म्हटले असते.

याच्या उलट उदाहरण बिल वॉल्टनचे. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सना १९७७ मध्ये त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. ते त्या संघाचे आजवरचे एकमेव. पुढच्या हंगामात पोर्टलंडने पहिल्या ६० सामन्यांपैकी ५० जिंकले आणि वॉल्टनचा पाय दुखावला. बाद फेरीसाठी तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला, आणि नंतर तपासणीत दिसले की पावलाचे हाड मोडले आहे. उपचारांवरून त्याचे आणि संघाचे वितुष्ट आले. पुढचा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही आणि मग पोर्टलंड सोडून गेला. जन्मभरात त्याच्या शरीरावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पोर्टलंडसाठी तो चार हंगामांत ३२८ पैकी २०९ सामनेच खेळला होता. तरी त्या संघाने १९८९ मध्ये त्याचा ३२ क्रमांक निवृत्त केला. २०२४ मध्ये वॉल्टन वारला तेव्हा त्या शहराने आपल्या घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला.

एकाने लोकांसाठी दुखरा पाय पुढे केला आणि पाय गमावला. दुसऱ्याने पाय जपला आणि लोकांची माया गमावली, निदान काही काळ. खेळाडूच्या शरीराकडे आपण कसे पाहतो हे या दोन गोष्टींतून उघड होते. आपण तिकीट काढतो आणि त्या तिकिटाबरोबर त्याचे गुडघे, घोटे, पाठीचा कणा हेही आपल्या नावावर झाले असे मनोमन धरून चालतो. त्याने ते खर्चून टाकले की त्याला शूर म्हणतो, राखून ठेवले की कामचुकार.

माझी उमेद बँकेत गेली. तिथे असताना सेवेची पंचवीस वर्षे पूर्ण करणाऱ्याला एक छोटी भेट देण्याचा रिवाज होता. आमच्या शाखेतला एक रोखपाल आजारपणामुळे सतराव्या वर्षीच घरी बसला. वर्षअखेरीच्या कामात रात्री दोन दोन वाजेपर्यंत थांबून त्याने शाखेची लाज राखली होती, हे सर्वांना ठाऊक होते. पण नियमात सतरा वर्षे बसत नव्हती. भेट मिळाली नाही. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून काही घेतले, ते त्याने संकोचाने घेतले. या प्रसंगाचे तात्पर्य मी नियम वाईट असे काढणार नाही. निवृत्तिवेतन, रजा, बढती यांना वर्षांचाच हिशेब लावावा लागतो. तिथे माया दाखवली तर अनर्थ होईल. पण ज्या गोष्टीचा पैशाशी संबंध नाही, ज्यातून संस्थेला फक्त सांगायचे असते की ‘या माणसामुळे आम्ही आम्ही आहोत’, तिथे हजेरीपट उघडून बसणे हा वेगळ्याच खात्याचा हिशेब झाला.

तथापि बँकेनेच मला दुसराही एक धडा दिला आहे आणि तो रोझच्या चाहत्यांना आवडणार नाही. पूर्वी बँका थकलेल्या कर्जावरचे व्याजही उत्पन्न म्हणून वहीत जमा करीत. पैसा आलेला नसे, पण ताळेबंद गुटगुटीत दिसे. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने १९९२-९३ पासून हे बंद केले. अनुत्पादक कर्जाचे व्याज हातात पडेल तेव्हाच उत्पन्न, तोवर नाही. त्या वर्षी अनेक बँकांचे फुगलेले नफे टाचणी लागल्यासारखे खाली बसले.

रोझविषयी बोलताना लोक नेमके हेच न आलेले व्याज जमेला धरतात. गुडघा मोडला नसता तर बुल्सनी तीन विजेतीपदे जिंकली असती. आणखी दोनदा तो सर्वोत्तम ठरला असता. मयामीच्या लेब्रॉन जेम्सला त्याने रोखले असते. असेल. पण हे ‘असते-नसते’ खेळाच्या वहीत लिहिता येत नाही. २०११ मध्ये गुडघे शाबूत असताना बुल्स मयामीकडून चार विरुद्ध एक असे हरलेच होते. न खेळलेल्या सामन्यांबद्दल मान देऊ लागलो, तर जायबंदी झालेला प्रत्येक होतकरू पोरगा हक्काने रांगेत उभा राहील आणि त्याला नाही म्हणायला आपल्याकडे कारण उरणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना रोझने एका सामन्यात ५० गुण केले आणि मैदानावरच त्याला रडू कोसळले. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांचेही डोळे भरून आले. पण ते गुण मिनेसोटाचे. बुल्सच्या वहीत त्यांची नोंद होत नाही.

मग हाच काटेकोरपणा दुसऱ्या बाजूनेही पाळावा लागेल. न आलेले जमा धरायचे नाही, तसे आलेले वजाही करायचे नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुडघा मोडल्याने २०११ चा किताब अर्धा होत नाही. ६२ विजयांतला एकही परत करावा लागत नाही. पुढे रिकामी गेलेली वर्षे आधीच्या भरलेल्या वर्षांच्या माथी मारणे हा हिशेबाचा कोणता प्रकार? ह्यूस्टन रॉकेट्सने याओ मिंगच्या बाबतीत हेच तत्त्व पाळले. हा चिनी उंचपुरा खेळाडू पहिल्या तीन हंगामांत २४६ पैकी २४४ सामने खेळला. मग पावलांची हाडे एकामागून एक मोडत गेली आणि २०११ मध्ये तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. ह्यूस्टनला त्याने विजेतेपद दिले नव्हते. तरी २०१७ मध्ये त्याचा ११ क्रमांक वर गेला, कारण जे त्याने दिले होते ते पुरेसे होते. आणि शिकागोचेच घ्या. बुल्सच्या छतावरचे स्लोन आणि लव्ह यांनी कुठे अजिंक्यपद जिंकले आहे? स्लोनचा खेळ १९७६ मध्ये गुडघ्याने संपवला, लव्हचा पुढच्याच वर्षी पाठीने. विजेतेपद ही त्या घराची अट कधीच नव्हती. सहा विजयचषकांच्या झगमगाटात ती अट असल्याचा भास झाला, इतकेच.

मान स्वस्त होण्याची भीती मात्र खरी आहे. बोस्टन सेल्टिक्सने वीसहून अधिक क्रमांक निवृत्त केले आहेत. उरलेल्यांतून नव्या पोरांना निवड करावी लागते. मयामीने तर २००३ मध्ये जॉर्डनचा २३ क्रमांक निवृत्त केला. जॉर्डन मयामीकडून एकदाही खेळलेला नव्हता! अशाने गौरवाचे रूपांतर सजावटीत होते. पण ज्या संघाने सुमारे साठ वर्षांत चारच खेळाडूंना तिथे नेले, त्याच्यावर उधळपट्टीचा आरोप ठेवता येणार नाही.

राहता राहिली कसोटी. माझ्या मते ती साधी आहे: हा क्रमांक दुसऱ्याच्या पाठीवर पाहून लोकांना चुकल्या चुकल्यासारखे वाटते का? रोझ गेला त्याच वर्षी, २०१६ मध्ये, बुल्सकडे नव्याने आलेल्या मायकेल कार्टर-विल्यम्सने १ क्रमांक घेतला. शहरात इतकी नाराजी उसळली, की त्याने तो सोडून ७ घेतला. आपल्याकडे २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर श्रीलंकेत १० क्रमांकाची जर्सी घालून पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला, तेव्हा काय झाले ते आठवावे. सचिन तेंडुलकरच्या चाहत्यांनी त्या बिचाऱ्या पोराला धारेवर धरले. पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला आणि १० हा आकडा भारतीय संघात पुन्हा दिसला नाही. दोन्ही ठिकाणी नवोदिताचा काही दोष नव्हता. संस्थेने जे वेळेवर ठरवायला हवे होते ते ठरवले नाही आणि शिक्षा मात्र नव्या पोराला झाली. लोकभावना ही काही नेहमीच शहाणी असते असे नाही. पण माणूस डोळ्यांआड झाल्यावर, त्याला पुन्हा संघात आणायची आशा सुटल्यावर, ज्यांनी त्याला शिव्या दिल्या तेच त्याच्या क्रमांकावर पहारा देत असतील, तर ती भावना क्षणिक म्हणता येत नाही. बुल्सनी नऊ वर्षांनी त्या जुन्या ठरावावर सही केली, एवढाच २०२५ च्या घोषणेचा अर्थ.

म्हणून माझे मत असे, की क्रमांक निवृत्त व्हावा; पण दयेपोटी नको. ‘काय होऊ शकला असता’ याचे उसासे त्या समारंभात कोणी टाकू नयेत. त्या माणसाने त्या शहरासाठी केले ते मोजावे आणि तेवढ्यासाठी फलक लावावा.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. रोझ ज्या सिमियन शाळेकडून खेळला, तिथे त्याचा क्रमांक २५ होता. हा क्रमांक बेन विल्सन या मुलाचा. देशातला सर्वोत्तम शालेय खेळाडू म्हणून गणला गेलेला हा मुलगा १९८४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, शाळेजवळच गोळीला बळी पडला. त्याचा क्रमांक नंतरच्या मुलांनी पेटीत ठेवला नाही, अंगावर घातला. रोझनेही तो घातला आणि पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर पुन्हा तोच मागून घेतला. स्मरण ठेवण्याची ही दुसरी रीत. टोरोंटोच्या एस बेलीनेही तेच केले. चौतीस वर्षे बंद असलेला आपला ६ क्रमांक त्याने १९६८ मध्ये स्वतःहून रॉन एलिस या खेळाडूला घालायला सांगितला. एलिसचा खेळ त्याला आवडला होता. तेव्हा बुल्सनी १ क्रमांक खुशाल वर न्यावा, पण तो उतरवण्याचा अधिकार रोझकडे ठेवावा. उद्या एंगलवूडच्या एखाद्या गल्लीतून तसाच कोणी पोरगा आला, तर ती जर्सी त्याच्या अंगावर घालायची की नाही हे रोझने ठरवावे. तेवढा हक्क त्याने कमावला आहे.